बिनदाराची वेस

धानपेठेच्या पाणवेशीला दारं नाहीत. दगडी कमान आहे, अडसराच्या खोबणी आहेत आणि आत सरळ बाजाराचा रस्ता दिसतो. नदीकाठाने तासभर चालून आलेली पाहुणेमंडळी कमानीखाली सावलीला टेकली. त्यांना वाट दाखवणारे निवृत्तीअण्णा मात्र चार पावलं लांब उन्हातच थांबले आणि सांगू लागले.

फार पूर्वी इथे येसू नावाची कोळीण राहायची. नदीतला उतार तिच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. लोकांना चालत पार होता यावं म्हणून पात्रात तिनेच खुंट रोवले होते. पेठेचे प्रमुख रायाजी शेटे तिचे मानलेले भाऊ. दर भाऊबीजेला ती ओवाळायची, ते लुगडं द्यायचे.

एकदा भर दुपारी बातमी आली, लुटारूंचे घोडे पलीकडच्या काठाला येताहेत. त्यांना खुंट दिसले की पेठ गेलीच. रायाजी येसूच्या दारात आले.

"तेवढे खुंट उपट, बाई. तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

"उपटते. पण दादा, मी आत येईस्तोवर वेस लावायची नाही."

"अगं, भाऊ आहे मी तुझा!"

तेवढ्या शब्दावर ती पाण्यात उतरली. पलीकडून सुरुवात करून एकेक खुंट उपटत मागे आली. शेवटचा हाती आला तेव्हा घोडे पाण्यात शिरलेच होते. उतार चुकला आणि अख्खा जथा डोहात गेला. चौघे तेवढे तरून अलीकडे लागले, असे सांगतात. येसू ओलेत्याने वेशीकडे धावली.

वेस बंद होती.

"दादा, मी आहे! चौघंच आहेत रे!" ती खुंटाने दार बडवू लागली. आत दोनशे गडी भाले घेऊन उभे. दोनशे, बरं का! सगळे रायाजींच्या तोंडाकडे बघत होते, आणि रायाजी अडसर घट्ट धरून होते.

"येसू, मला पेठेचं बघावं लागतं गं," ते आतून म्हणाले.

येसू ना पाण्याला भ्यायली होती, ना घोड्यांना. तो ओळखीचा आवाज ऐकून मात्र तिने हातातला खुंट टाकून दिला. ज्याला ओवाळलं, त्यानेच दार लावलं होतं. ती एवढंच बोलली म्हणे, "मला बंद केलीस ना? आजपासून तुलाही ही वेस बंद."

चौघांनी तिला उंबऱ्यावरच मारलं आणि काठाकाठाने पळ काढला. मग वेस उघडली. रायाजी बाहेर येऊन तिला उचलायला वाकले, पण परत फिरले तर उंबऱ्यापाशी पाय उचलेचना. लोकांनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. शेवटी रायाजींनी वेशीची दारं उखडून येसूच्या चितेला लावली. तरी पाय उंबरा ओलांडेनात. तटाला वळसा घालून मागच्या खिंडारातून ते घरी गेले.

"आजही इथं दार बसवत नाहीत," अण्णा म्हणाले. "आणि शेट्यांच्या घरातलं कोणी इथून आत जात नाही."

मंडळी उठली. एका बाईंनी मागे वळून विचारलं, "अण्णा, तुम्ही नाही येत?"

"तुम्ही व्हा पुढं, तांबट आळीच्या तोंडाशी थांबा. मी रायाजींच्या सातव्या पिढीतला," अण्णा म्हणाले आणि काठी टेकत तटाच्या कडेने चालू लागले.