एकदाच आलेली हाक

"आणि तिने हाक मारली तर?" गोसावीबाबांनी विचारलं.

श्रीरंग हसला. या प्रश्नाची तयारी तो करूनच आला होता.

"हाक मारायची वेळच येणार नाही, बाबा. प्रत्येक खोलीत इंटरकॉम आहे. बटण दाबलं की खाली वॉचमनला कळतं. वॉचमन दवाखान्याची गाडी बोलावतो."

"हात बटणापर्यंत पोचला नाही तर?"

"मनगटावर घड्याळ असेल ना. माणूस पडला तर घड्याळ आपणहून फोन लावतं."

"कोणाला?"

"मला."

बाबांनी मान डोलावली आणि धुनीतलं लाकूड थोडं आत सरकवलं.

पुणं वाढत वाढत या डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं. पायथ्याला बाबांचा पत्र्याचा मठ. मठामागे जुनी वाडी. समोर ओढा, आणि ओढ्यापलीकडे 'नीरव व्हॅली'चे नवे कोरे उंच मनोरे. मधे पूल होता, पण पुलावरून अजून फारसं कोणी येत जात नव्हतं.

श्रीरंग इंजिनिअर होता. गुरू, मठ, अंगारा यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तो आला होता बायकोसाठी. रेवतीला दिवस गेले होते आणि ती माहेरी, ओतूरला होती. तिने एकच अट घातली होती : बाबा म्हणतील त्या वस्तीत राहीन. नाहीतर बाळ इथेच वाढेल, माझ्या आईच्या ओसरीवर.

बाबा तिच्या माहेरचे गुरू. त्यांच्याकडून 'हो' घ्यायचं, एवढंच श्रीरंगचं काम होतं.

"तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी अभ्यास माझा झालाय. हवा बघितली, पाणी बघितलं, शाळा बघितल्या. शहराच्या चारही बाजूंच्या वस्त्या पायाखाली घातल्या. इतकी शांत जागा दुसरी..."

"बाबाऽऽ!" कुंपणापलीकडून एका बाईची हाक आली.

"ओ!" बाबा म्हणाले.

"आहात का?"

"आहे अजून!"

"मग ठीक. मला वाटलं, सुटलात!"

"तुझ्या भाकरीवर जगतोय, हौसाबाई. सुटेन कसा?"

"त्या भाकरीनंच जाल एक दिवस!"

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि हसू ऐकू आलं. श्रीरंगचं वाक्य तुटलं ते तुटलंच.

"हे रोज चालतं?" त्याने विचारलं.

"रोज. दिवेलागणीच्या आधी."

"कोण हाक मारतंय हे न बघताच ओ दिलीत."

"ओ दिल्यावर कळतं."

श्रीरंगने खांदे उडवले. "हेच नको आहे मला. तुमच्या वाडीतही प्लॉट बघितला होता मी. मोजायला उभा राहिलो, तर माणसं कुंपणावरून विचारतायत. बायको कितव्या महिन्यात? एकटेच का आलात? मागच्या वेळी काय झालं होतं?"

"मागच्या वेळी काय झालं होतं?"

श्रीरंगने उलटच विचारलं,

"रेवतीने सांगितलं नाही तुम्हाला?"

"तिने तिचं सांगितलं..."

लाकूड तडकलं. मग श्रीरंग बोलू लागला, आणि एकदा बोलू लागल्यावर थांबेना.

"पाचवा महिना होता. आत्ता राहतो त्याच घरात, शहरातल्या त्या जुन्या वसाहतीत. तिन्हीसांजेला बाथरूममध्ये तिचा पाय घसरला. तिने हाक मारली. भिंतीला भिंत लागून दातारकाकू राहतात. त्यांनी ऐकलं. ऐकलं, बाबा! नंतर त्याच सांगत होत्या. 'श्री' अशी स्पष्ट हाक ऐकू आली म्हणाल्या. मग का नाही आलात, म्हटलं. तर म्हणे, एकदाच आली. तिन्हीसांजेला एकट्या हाकेला ओ देऊ नये. माणसाची हाक असेल तर दुसऱ्यांदा येतेच, म्हणून थांबले."

"आली?"

"कशी येईल? ती शुद्धीवर होती कुठे!"

बाबांनी काठीने धुनीतली राख सारखी केली.

"मूल गेलं. आणि दातारकाकू कोण, माहीत आहे? शाळेत विज्ञान शिकवायच्या. विज्ञान! घरात दोन पदवीधर मुलं. आणि कान लावून बसल्या दुसऱ्या हाकेची वाट बघत. भुताला घाबरून एक जीव जाऊ दिला. मी त्यांना तोंडावर खुनी म्हणालो. पुन्हा म्हणेन."

त्याचा आवाज चढला होता. कुंपणापलीकडची भांडी गप्प झाली.

"म्हणून त्या वसाहतीत राहायचं नाही. असल्या कुठल्याच वसाहतीत नाही. पलीकडे सगळे शिकलेले लोक येणार आहेत. तिथे हाक, ओ, तिन्हीसांज असलं काही नाही. तिथे भुतं नाहीत, बाबा."

"माणसं?"

"येतील. जवळजवळ सगळे फ्लॅट विकले गेलेत."

बाबा उठले. काठी घेतली, घोंगडी खांद्यावर टाकली.

"चल. घर दाखव."

दोघे ओढ्याकडे उतरले. पुलाच्या मध्यावर बाबा थांबले. खाली पाणी होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. ओढ्याचा तळ सिमेंटने बांधून काढला होता.

"तू कुठे होतास?" बाबांनी विचारलं.

"कधी?"

"त्या तिन्हीसांजेला."

श्रीरंग पुढे चालू लागला. पूल संपला, डांबर लागलं, तरी तो बोलला नाही. फाटक दिसू लागलं तेव्हा म्हणाला,

"घरात."

बाबांची काठी डांबरावर टकटकत मागून येत होती.

"पुढच्या खोलीत. मीटिंग चालू होती. कानात हेडफोन होते."

बाबांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

फाटकावर वॉचमन होता. श्रीरंगला त्याने ओळखलं, घोंगडीकडे मात्र संशयाने बघितलं.

"हे कोण, साहेब?"

"घरचे आहेत. सॅम्पल फ्लॅट दाखवायचाय."

"ऑफिस बंद झालं. वरची चावी नाय माझ्याकडं. खालून बघा."

आत सगळं तयार होतं. हिरवळ कापलेली होती. कारंजं उडत होतं. मुलांच्या बागेतल्या झोपाळ्यांच्या साखळ्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. वारा आला की ते प्लॅस्टिक फडफडे आणि झोपाळा किंचित हले. रंगाचा वास येत होता. स्वयंपाकाचा वास कुठूनच येत नव्हता.

बाबा चालता चालता थबकले.

"कावळे कुठे गेले?"

"काय?"

"ओढ्याच्या त्या अंगाला संध्याकाळचे कावळे होते. इथे एकही नाही."

"घाण नाही म्हणून नसतील," श्रीरंग म्हणाला. मग त्याने बोट वर केलं. "तो बघा. सातवा मजला, कोपऱ्यातला. तोच सॅम्पल फ्लॅट, आणि तोच मी घेणार. आतल्या खोलीत पाळणा ठेवलाय त्यांनी. पाळण्यात बाहुली आहे. छान पांघरूण घातलेली. ते बघितलं आणि ठरवलंच मी..."

"पांघरूण कोणी घातलं?"

"सजावट आहे, बाबा."

"हं."

बाबा हिरवळीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. चारही बाजूंना मनोरे. वर आभाळाचा चौकोन, तोही काळवंडत चाललेला.

"हाक मार," ते म्हणाले.

"कोणाला?"

"घर ज्या बाईसाठी घेतोस, तिला."

"ती ओतूरला आहे."

"घर तरी अजून तुझं कुठे आहे? मार."

श्रीरंगला हसू आलं. म्हाताऱ्याचं समाधान होत असेल तर होऊ दे. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "रेवती."

"हे फोनवरचं झालं. हाक मार."

श्रीरंगने छाती भरून घेतली.

"रेवतीऽऽ!"

हाक एका मनोऱ्याला लागली, दुसऱ्याला लागली, फिरली आणि वर निघून गेली. त्याच क्षणी सगळ्या मनोऱ्यांच्या जिन्यांतले दिवे एकदम लागले. खालपासून वरपर्यंत. कोणी लावल्यासारखे नव्हे, डोळे उघडावेत तसे.

वॉचमन धावत आला. "साहेब, ओरडू नका! नियम आहे इथला. कोणाला त्रास होईल."

"कोणाला?" बाबांनी विचारलं.

वॉचमनने वर बघितलं, मग बाबांकडे. "नियम आहे," तो पुन्हा म्हणाला, पण हळू आवाजात.

श्रीरंग मात्र खुलला होता. त्याने दोन्ही हात पसरले.

"पाहिलंत, बाबा? एवढ्या मोठ्याने ओरडलो. एक खिडकी उघडली नाही. एक माणूस डोकावला नाही. कोणी विचारलं नाही, काय झालं म्हणून. हेच हवं आहे मला!"



कारंजं आपोआप बंद झालं. पाणी खाली पडलं आणि मग कसलाच आवाज उरला नाही.

"श्री..."

वरून आली. सातव्या मजल्यावरून, कोपऱ्यातून. बाईचा आवाज होता, दमलेला, ओल्या भिंतीला गाल टेकून बोलल्यासारखा.

श्रीरंगचे पसरलेले हात तसेच राहिले.

त्याला 'श्री' म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

"तुम्ही ऐकलंत?" त्याने वॉचमनला विचारलं.

"टीव्ही असेल, साहेब."

"कोणाचा?"

वॉचमनने ओठांवरून जीभ फिरवली. "या विंगेत तर... अजून कोणी राहायला आलेलं नाही."

एवढं बोलून तो मागे मागे सरकत गेला. केबिनचं दार आतून लावल्याचा आवाज आला.

श्रीरंगने फोन काढला. रेवतीचा नंबर लावला. पलीकडे लगेच उचलला गेला. मागे कोणी हसत होतं, कोणी ताटं मांडत होतं, एक लहान मूल रडत होतं.

"रेवती, कुठे आहेस?"

"ओतूरला! आणखी कुठे असणार? तुला धाप का लागलीय?"

"तू... आत्ता मला हाक मारलीस?"

"मी कशाला मारू? देवापाशी दिवा लावत होते." ती थांबली. "श्री, बाबा भेटले का? घर ठरलं?"

त्याने फोन हळूच खाली घेतला. त्यातून बारीक आवाज येत राहिला, "श्री? अरे, ऐकतोयस का?" आणि मग तोही थांबला.

आता पुरतं अंधारलं होतं. सातव्या मजल्यावरचा कोपरा तेवढा काळा होता. तिथल्या गॅलरीचं काचेचं दार अर्धं उघडं दिसत होतं. मघाशी उघडं होतं का? आठवेना.

आत काहीतरी लयीत हलत होतं. पडदा असेल. वारा मात्र पडलेला होता.

बाबांनी घोंगडी अंथरली आणि हिरवळीवर बसले. घाई नसलेल्या माणसासारखे.

"ओ दे," ते म्हणाले.

श्रीरंगने तोंड उघडलं. आजीने लहानपणी सांगितलेलं, कॉलेजात ज्याची टिंगल केली ते, दातारकाकूंच्या तोंडून ऐकून ज्याची शिसारी आली ते सगळं एकदम त्याच्या घशात येऊन बसलं.

"बाबा..."

"ओ दे."

"एकदाच आली," श्रीरंग पुटपुटला. त्याची नजर वरून हलत नव्हती. "दुसऱ्यांदा येऊ दे. दुसऱ्यांदा आली की देतो..."

बाबांनीही वर बघितलं.

"ती दुसऱ्यांदा हाक मारत नाही, श्रीरंग."