आईचा छंद

पूर्वी आसपासच्या नगरांत राजे राज्य करीत असताना नदीकाठच्या एका नगरीत राजाच नव्हता. तेथे प्रत्येक जण सभेत आपली शलाका, म्हणजे लाकडाची काडी, टाकून कौल देई. होकार पांढऱ्या घड्यात, नकार काळ्या घड्यात. ज्याला येणे जमत नसे तो आपली काडी विश्वासाच्या माणसाजवळ देई. याला ‘छंद देणे’ म्हणत. त्या नगरीत बोधिसत्त्व ऋजुक नावाचा व्यापारी होऊन जन्मला होता आणि निम्मी नगरी त्यालाच छंद देई.

हे शेजारच्या तुंगिलाला पाहवत नसे. ऋजुकाच्या हातातली काड्यांची मोळी दिसली की त्याच्या पोटात दुखू लागे. लोकांचे एक वेळ सोडा. पण तुंगिलाच्या स्वतःच्या थकलेल्या आईनेही आपली काडी ऋजुकालाच दिली, तेव्हा त्याला अन्न गोड लागेना.

पुढे ओढा वळवून वरच्या शेतांना पाणी देण्याचा प्रश्न सभेपुढे आला. तुंगिलाचे शेत वरच होते, ऋजुकाचेही. पाणी तुटणार होते ते खालच्या पाड्याचे, आणि तो पाडा तुंगिलाच्या आईचे माहेर.

ऋजुक घरोघर जाऊन काड्या परत करू लागला. “मावशी, यात माझा लाभ आहे. तुमचा छंद माझ्याजवळ नको,” तो तुंगिलाच्या आईला म्हणाला.

आईला चालवत नव्हते. तिने मुलाकडे बराच वेळ पाहिले आणि काडी त्याच्या हाती दिली. “काळ्या घड्यात टाक. छंद माझा आहे, बाळा. तू नुसता नेणारा.”

तुंगिलाला आनंद झाला नाही. ऋजुकाने नको म्हटले म्हणून मला मिळाली, उष्टी, असेच त्याला वाटले.

सभेत पडद्याआड घडे होते. तुंगिलाने स्वतःची काडी पांढऱ्या घड्यात टाकली. दुसरीही तेथेच टाकली असती तर कुणाला कळणार होते? ऋजुकाने येथे काय केले असते हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि त्याचाच त्याला फार राग आला. तरीही त्याने आईची काडी काळ्या घड्यात टाकली. एका काडीच्या फरकाने ओढा जागच्या जागी राहिला.

तो घरी आला. आई म्हणाली, “जेवून घे.”

“आई, काय केलं ते विचार तरी!”

“कशाला? तुझ्याकडे दिली होती ना.”

तुंगिल ताटावर बसून रडला. त्यानंतर ऋजुकाच्या हातातली मोळी पाहून त्याच्या पोटात कधी दुखले नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, “आजारी भिक्षू आपला छंद याच्याऐवजी दुसऱ्याजवळ देतात म्हणून रुसून बसलेला हा भिक्षूच तेव्हाचा तुंगिल होता. त्याला रोज भिक्षा वाढणारी वृद्ध उपासिका ती आई, आणि ऋजुक मीच होतो.” दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेले आपले न मानणे, हा अलोभ बोधिसत्त्वाने त्या जन्मी पाळला.