शाबासकी देणारा स्पीकर

डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा होती. खोली एक, बाई एक आणि इयत्ता चार. कुमुदबाई इकडे चौथीला इतिहास सांगू लागल्या की तिकडे दुसरीत मारामारी सुरू. चौघींच्या वाटणीचं एकटीनं बोलून संध्याकाळी त्यांच्या घशातून आवाज फुटत नसे.

मग त्यांनी एक युक्ती केली. दुसरीची वजाबाकी मोबाइलवर आपल्याच आवाजात रेकॉर्ड केली आणि एका छोट्या स्पीकरवर मुलांना ऐकवायला सुरुवात केली. "तेरातून सात गेले, उरले किती?" असं विचारून स्पीकर जरा थांबे. मुलं "सहा!" म्हणून ओरडली की स्पीकर म्हणे, "शाब्बास!" शाबासकीशिवाय पोरांचं पान हलत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक. म्हणून प्रत्येक प्रश्नामागे त्यांनी ती आधीच भरून ठेवली होती.

मुलं खूश, बाईंचा घसाही खूश. चार महिन्यांत ही गोष्ट आजूबाजूच्या शाळांत पोचली. केंद्रप्रमुखांचा निरोप आला, "परवा पाहायला येतो. पसंत पडलं तर वीस शाळांना देऊ." बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोला, कुणाच्याही चढलं असतं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीवर लग्न होतं. निम्मी शाळा जेवायला पळाली. दुसरीच्या ओळीत एकटी सगुणा उरली. स्पीकरनं नेहमीसारखं विचारलं, "तेरातून सात गेले, उरले किती?" सगुणा पाटीवर फूल काढत होती. ती काहीच बोलली नाही.

"शाब्बास!" स्पीकर म्हणाला.

सगुणेनं मान डोलावली आणि फुलाला आणखी एक पाकळी काढली. बाई चौथीतून उठून तिच्याजवळ गेल्या.

"सगुणे, उत्तर का नाही दिलंस?"

"नाही दिलं तरी शाब्बास म्हणतो की तो."

"बरं, मला सांग. उरले किती?"

सगुणा बोटं मोजत बसली. मोजता मोजता तिचे डोळे भरून आले. "मला नाही येत, बाई. पहिल्यापासूनच नाही येत."

"मग विचारलं का नाहीस?"

"कुणाला विचारू? तुम्ही तिकडं चौथीत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा वर्ग ओरडत होता आणि त्या ओरडण्याखाली ही पोर चार महिने गप्प बसली होती.

ठरल्याप्रमाणे केंद्रप्रमुख आले. बाईंनी स्पीकर लावला. आज वर्ग भरलेला होता. उत्तरांनी खोली दणाणली. साहेब खुर्चीतून उठलेच. "कमाल केलीत, बाई! आजच सगळ्या शाळांना पाठवतो."

गप्प बसणं किती सोपं होतं! पण बाई बोलल्या. "साहेब, इतक्यात नका पाठवू. या वर्गातल्या एका मुलीला वजाबाकी येत नाही, आणि माझ्या रेकॉर्डिंगनं तिला रोज शाबासकी दिली. चूक स्पीकरची नाही. तिचं उत्तर न ऐकताच मी ती भरून ठेवली होती."

मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. साहेबांचा चेहरा उतरला. "मग पुढच्या वर्षी बघू," म्हणून ते चहाही न घेता निघून गेले.

बाईंनी सगळे धडे पुन्हा रेकॉर्ड केले आणि त्यातली शाबासकी काढून टाकली. आता स्पीकर एक प्रश्न विचारी, मग त्याला बंद करायचं. मुलांनी उत्तर पाटीवर लिहायचं. तोवर चौथीला काही लिहायला देऊन बाई दुसरीच्या ओळीत येत आणि एकेक पाटी बघत. वेळ जाई, दमणूकही होई.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी स्पीकर थांबला, पाट्या वर झाल्या. सगुणा मात्र उभी राहिली आणि भर वर्गात म्हणाली, "बाई, मला नाही समजलं. परत सांगा."

मुलं हसली. कुमुदबाईंना मात्र इतका आनंद झाला की त्या तिथंच जमिनीवर तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि मूठभर चिंचोके घेऊन मोजू लागल्या.

तात्पर्य: शिकवणारा आवाज यंत्रात भरून ठेवता येतो, पण मुलाचं ऐकायला शिक्षकालाच कान द्यावा लागतो; ते ऐकल्याशिवाय दिलेली शाबासकी मुलाच्या काही कामाची नाही.