चाळीस जणांची गोधडी

फार फार वर्षांपूर्वी, नद्या मनाला येईल त्या वाटेनं वाहत तेव्हा, एक गाव पाण्याखाली गेलं. गावातली चाळीस माणसं जीव वाचवून परमुलखात आली आणि एका टेकडीच्या उतारावर राहिली.

त्यांनी सोबत एकच वस्तू आणली होती, गोधडी. घरटी एकेक जुनं लुगडं घालून शिवलेली आणि इतकी लांबरुंद, की चाळीसही जण तिच्याखाली मावत. डोळा लागला की सगळ्यांना एकच स्वप्न पडे. बुडालेल्या गावाची वाट, वेशीवरची चिंच, मग आपापलं दार. गोधडी धुतली तर गावही वाहून जाईल, असं त्यांना वाटे, म्हणून ती कुणी कधी धुतली नाही. हसू नका. घर गेलेल्या माणसाला असंच वाटतं.

मग खरूज आली. स्वप्नात दाराशी पोचावं, तोच अंग खाजे आणि झोप मोडे. जो तो लाजून लपवी. फारच झालं की एकटाच टेकडीखालच्या वैदीणबाईकडे जाई, करंजाच्या तेलात खललेलं गंधक लावून बरा होई आणि पंधरा दिवसांत पुन्हा खाजवत बसे.

एके दिवशी त्या चाळिसांतली धोंडाई तान्ह्या नातीला घेऊन वैदीणबाईकडे आली. पोरीच्या हातापायांवर फोड पिकले होते, अंगात ताप होता.

वैदीणबाईनं पोरीला मांडीवर घेतलं. म्हणाली, "हिला मी बरी करीन गं, पण तू पुन्हा त्याच गोधडीत निजवशील. लेप सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचा, खाज असो वा नसो. आणि गोधडी उकळायची."

"आमचं गाव आहे त्यात, बाई."

"ठाऊक आहे. पण ही पोर गेली, तर ते गाव दाखवशील कुणाला?"

 धोंडाई उठली आणि गोधडी स्वतःच्या हातांनी ओढत घेऊन आली.

शेजारच्या गुऱ्हाळवाल्यानं आपली रस कढवायची जुनी काहील दिली. गोधडी तीत उकळली, कडक उन्हात वाळली. पोरीकडे पाहून चाळीसही जणांनी लाज सोडली आणि त्याच दिवशी अंगभर लेप लावला, आठ दिवसांनी पुन्हा लावला. पोरीचे फोड वैदीणबाई रोज आपल्या हातानं धूत होती. हळूहळू ताप उतरला.

मग एकदा सगळेच उजाडेपर्यंत गाढ झोपले. तीच वाट दिसली, तीच चिंच, तेच दार. या वेळी कुणालाच जाग आली नाही. दार उघडून सगळे आत गेले.

सकाळी धोंडाई नातीला पोटाशी धरून रडली. इतकं सुख तिला किती दिवसांत झालं नव्हतं.

लहानांनो, मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: लपवलेलं दुखणं सगळ्यांना लागतं, आणि सगळ्यांनी मिळून काढलं तरच ते जातं.