सगळ्यांचा हात लागलेला हलवा

फार पूर्वी तुर्कस्तानातल्या एका डोंगरी गावात दोन भाऊ राहत होते. अंगण एकच, पण बोलणं बंद. कारण विचाराल तर एक कप कॉफी.

त्या मुलखात कॉफीचा पहिला कप घरातल्या वडीलधाऱ्याला देतात. वडील वारले तेव्हा तो मान थोरल्याकडे आला, पण त्याच दिवशी, भेटायला आलेल्या गर्दीत, धाकट्याने पहिला कप चुकून एका पाहुण्याच्या हातात दिला. थोरला आधीच नाकावर माशी बसू न देणारा. तो तसाच उठला आणि पुन्हा त्या दारात आला नाही. पुढे त्याने अंगणात भिंत घालायला विटा आणून रचल्या. दोन्ही घरांची पोरं त्या विटांवर बसून खेळत, आणि ते पाहून धाकट्याच्या बायकोला ती भिंत नकोशी होई.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्यांनी थोरल्याची समजूत घातली. तो म्हणाला, "एकदाच कॉफीला येईन. मान राखला तर ठीक, नाहीतर उद्या गवंडी येईल."

कॉफीबरोबर काय द्यायचं? धाकट्याच्या बायकोने सासूच्या पद्धतीचा हलवा करायचं ठरवलं. मंद जाळावर लोण्यात कणीक परतत राहायची, चांगली खरपूस झाली की वर गरम दूध-साखर ओतायची. दिसायला सोपं, पण हात थांबला की कणीक करपते.

धाकट्याने बजावलं, "दादाला दाराशी जाऊन आत घ्यायचं, मग गादीवर बसवायचं. स्वयंपाकघराकडे त्याची नजरही जायला नको." एवढं सांगून तो कॉफीसाठी झऱ्याचं पाणी आणायला गेला.

ती सारखी दाराकडे बघत राहिली आणि पहिली कढई करपली. आता घरात आणखी एका कढईपुरतंच लोणी होतं. तिने घाईने दुसरी कढई चढवली, जाळही वाढवला. कणकेचा रंग नुकता बदलू लागला होता, तेवढ्यात दारावर काठीची टकटक झाली.

थोरला वेळेआधीच आला होता.

दाराशी जावं तर हलवा जाईल, आणि नुसती कॉफी पुढे ठेवणं हाही अपमानच. न जावं तर दारात घ्यायला कोणी नाही म्हणून पाहुणा परत जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पुन्हा टकटक झाली.

"भाऊजी, दार लोटलेलंच आहे," ती आतूनच म्हणाली. "मला हात सोडता येत नाही. तुम्ही आत या."

तरी काठीचा आवाज दारापासून दूर जाऊ लागला, विटांच्या दिशेने. तिला रडू फुटलं, पण कालथा तिने थांबवला नाही.

"भाऊजी, हा आईंचा हलवा आहे," ती मोठ्याने म्हणाली. "घरातल्या सगळ्यांचा हात लागल्याशिवाय तो होत नाही, असं त्या म्हणायच्या. तुमचा हात लागायचा राहिलाय."

काठी थांबली. मग दार करकरलं आणि थोरला थेट चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"जाळ केवढा केलायस," तो कुरकुरला. "आई एवढा ठेवायची नाही. दे इकडे."

त्याने एक लाकूड मागे ओढलं आणि तिच्या हातातून कालथा घेतला.

धाकटा पाणी घेऊन परतला आणि उंबऱ्यातच थिजला. ज्याला गादीवर बसवायचं तो थोरला भाऊ घामाघूम होऊन चुलीपाशी उभा होता. आता सगळं संपलं, असंच त्याला वाटलं.

"बघत काय राहिलास?" थोरला म्हणाला. "माझा हात भरून आला. धर."

धाकट्याने कालथा धरला. लहानपणी आईच्या कढईशी ते असेच पाळी लावून उभे राहत. दोघांनाही ते आठवलं.

हलवा झाला, कॉफी उकळली. धाकट्याने पहिला कप थोरल्यापुढे धरला. थोरल्याने तो घेतला, पण ओठांना लावला नाही.

थोरल्याने तो कप भावजयीच्या हातात दिला. "हा तुझा," तो म्हणाला. "तू हात सोडला असतास, तर मी गादीवर बसून दोन घोट घेतले असते आणि उद्या गवंडी बोलावलाच असता."

हलवा एका बाजूने जरा करपलाच होता. तिघांनी तो कढई खरवडून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, पण भिंतीसाठी नाही. अंगणाच्या मधोमध त्याने त्याच विटांची एक मोठी चूल बांधली. दोन्ही घरांची माणसं तिच्याभोवती उभी राहू शकतील एवढी.

तात्पर्य एवढंच: रुसलेल्या माणसाला नुसतं मानाने बसवलं तर तो पाहुणाच राहतो, कामाला हात लावू दिला की तो घरचा होतो.