राजाच्या तोंडाचा गणपती

एक होता राजा. नाव शूरवर्मा. दिसायला देखणा, पण गर्व केवढा! आकाश ठेंगणं वाटायचं त्याला.

एकदा काय झालं, गणेशचतुर्थी जवळ आली. राजानं साळू कुंभारणीला बोलावलं. "यंदा मूर्तीला सोंड नको. माझं तोंड कर. लोकांनी मलाच पुजायचं."

साळू म्हणाली, "महाराज, मातीची मूर्ती पुजली की पाचव्या दिवशी नदीत सोडावी लागते. तुमचं तोंड कसं सोडायचं?"

"मला बुडवणारा अजून जन्माला यायचाय! मुकाट्यानं कर, नाहीतर तुझं चाक फोडीन."

मग काय करते बिचारी? केली मूर्ती. हुबेहूब नाक, हुबेहूब मिशा. लोकांनी हात जोडले. भीतीनं बरं का, भक्तीनं नाही.

पाचवा दिवस आला. राजा मूर्ती सोडू देईना. मग नदीच निघाली मूर्ती न्यायला! बाप्पा ओरडत नाही हं, नुसतं पाणी पाठवतो. राणी, नोकरचाकर, सगळे टेकडीवर पळाले. राजा एकटा मूर्तीपाशी राहिला.

पुराच्या पहिल्या दिवशी पाणी देवघरात शिरलं. शिंतोड्यांनी मूर्तीचं नाक विरघळलं. राजानं चाचपलं, तर त्याचंही नाक बसलेलं! दुसऱ्या दिवशी त्यानं मूर्ती सिंहासनावर ठेवली. पाणी तिथंही चढलं. मूर्तीच्या मिशा गेल्या, राजाच्याही गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं मूर्ती डोक्यावर घेतली. सोडली असती तरी वाचला असता, पण सोडवेना. सगळा चिखल अंगावरून ओघळला. मग पाणी आपसूक ओसरलं.

पहारेकरी परत आले. "कोण रे तू?"

"मी राजा!"

सगळे हसले. राजा वाहून गेला असं समजून त्यांनी राणीला गादीवर बसवलं. वाईट वाटलं तुम्हाला? मला नाही वाटलं.

मग तो भुकेला साळूच्या दारी गेला. तिनं भाकरी दिली आणि माती मळायला बसवलं. तिनं ओळखलं की नाही, देव जाणे. वर्षभर मळली त्यानं माती.

पुन्हा चतुर्थी आली. राणी स्वतः मूर्ती न्यायला आली. चांगली सोंडेची मूर्ती.

"जपून हं, ओली आहे," तो म्हणाला.

राणी थबकली. "आवाज ओळखीचा वाटतो. कोण तू?"

नुसतं नाव सांगायचा अवकाश, राज्य परत मिळालं असतं! त्यानं मूर्तीकडे पाहिलं. मग म्हणाला, "साळूबाईंचा गडी, राणीसाहेब." आणि मूर्ती डोक्यावर घेऊन राणीच्या मागून चालू लागला.

राणी राज्यात सुखी, साळू चाकावर सुखी, गडी मातीत सुखी. आता तुम्ही गोधडीत सुखी व्हा. मिटा बघू डोळे.