तसदीबद्दल क्षमस्व

डॉ. नाफडे सर विद्यार्थ्यांचे मेसेज फार बारकाईने वाचत. प्रबंध मात्र वाचत नसत. शाहीन तांबोळीने डाळमिलमधल्या कामगार बायकांवरचा प्रबंध त्यांच्या टेबलावर ठेवला, त्याला पाच महिने झाले होते. ‘सर, वाचून झाला का?’ असं विचारलं, की उत्तर यायचं, ‘आधी आदरणीय लिहा.’ आदरणीय लिहिलं, की ‘तसदीबद्दल क्षमस्व राहिलं.’ सातवा मेसेज बिनचूक गेला, तेव्हा सरांनी नुसता अंगठा पाठवला आणि विषय संपवला.

प्रबंध जमा करायला चार दिवस उरले. ‘मार्गदर्शकाने संपूर्ण वाचला’ या दाखल्यावर सही नसेल, तर नोंदणीच रद्द. शाहीनने आठवा मेसेज लिहिला: ‘आदरणीय सर, सादर प्रणाम. प्रबंधात आपलं कौतुक कुठे जास्त झालं असल्यास कृपया कळवावे, लगेच कमी करते. तसदीबद्दल क्षमस्व.’

या मेसेजात सरांनी एकही चूक काढली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला विभागात बोलावलं आणि सगळ्या प्राध्यापकांसमोर प्रबंध टेबलावर आपटला. “तांबोळी, पहिल्या पानापासून शेवटच्या तळटिपेपर्यंत वाचलं. माझ्या कौतुकाची एक ओळ नाही.”

“म्हणजे जास्त झालेलं नाही ना, सर? मला तीच काळजी होती.”

मग तिने दाखला अदबीने पुढे सरकवला. “आदरणीय सर, आपण आत्ता सगळ्यांसमोर म्हणालात, तेच यावर छापलंय. फक्त सही राहिली. तसदीबद्दल क्षमस्व.”